टोमॅटो मान टाकतो तेव्हा

कुंडीतला टोमॅटो मलूल दिसला की माझा हात आपोआप झारीकडे जायचा. मागच्या खेपेला असंच पाणी घालत राहिले आणि रोप आणखीच बसलं. खालची पानं पिवळी, खोड बुंध्याशी लिबलिबीत. शेवटी मातीत दोन पेरं बोट खुपसलं, तर आत नुसता चिखल! कुंडी उपडी केली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची, आणि तळाचं भोक मातीने बुजलेलं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. मग रोप पाण्यात उभं राहूनही तहानलेलं दिसतं. आणि मी त्याला आणखी पाजत होते, शहाणी!

सडकी मुळं कापून, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू घालून नव्याने लावलं. आता झारीआधी कुंडी उचलून बघते. हलकी लागली तरच पाणी.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे दुखणं मात्र निराळं. तिथे बहुधा लोह कमी पडतं. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आंबट की खारी याचं माप) 7 च्या बराच वर गेला, तर लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. टोमॅटोला साधारण 6 ते 6.8 मानवतो. आधी सामू तपासा, खताची पिशवी नंतर फोडा.

माझ्या रोपाला तिसऱ्या आठवड्यात नवा फुटवा आला. एकच, पण ताठ.