दोनदा वाजलेला हॉर्न

माझ्या सीनियर सरांना त्या दिवशी ताप होता म्हणून सेशन्सला मी एकटीच उभी राहिले, वकिली सुरू करून जेमतेम दोन वर्षं झाली होती. (तपशील थोडे बदललेत, उगाच ओळखत बसू नका.)

केस जबरी चोरीची. तिघं सराफाच्या दुकानात शिरले, एकाने पिशवीतनं कोयता काढून सराफासमोर धरला, दागिने घेतले आणि बाहेर उभ्या रिक्षातनं पळाले. कोणाला खरचटलंही नाही. आमचा अशील आरोपी नंबर चार, म्हणजे रिक्षावाला. पेपरात दरोडा छापून आलं पण दरोड्याला पाच जण लागतात, हे चारच. चौघांवर आयपीसी ३९२ (जबरी चोरी), ३९७ आणि ३४ (समान इरादा). गुन्हा जुना, आता न्याय संहितेत ३९७ चं ३११ झालंय.

३९७ चा धसका एवढ्यासाठी की घातक शस्त्र वापरलं तर सात वर्षांच्या खाली शिक्षा देताच येत नाही. आमचा माणूस म्हणत होता मॅडम मी भाडं मारत होतो, आत काय चाललंय मला काय माहीत. सरकारी वकील म्हणे मग मीटर का टाकलं नव्हतं. आता आमच्या गावात मीटर टाकणारा रिक्षावाला दाखवा, मी वकिली सोडते.

खरी अडचण हॉर्नची होती. समोरच्या चहावाल्याने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांवर, सांगितलेलं की रिक्षाचं इंजिन चालू होतं, दोनदा हॉर्न वाजला आणि तिघं पळत बाहेर आले. सरांनी फोनवर बजावलं होतं, हॉर्नला हात लावू नको, अंतर किती, चेहरा दिसला का एवढं विचार आणि बस खाली. मी तेवढं विचारलं, साक्षीदार चांगलाच गडबडला आणि मला चेव आला. अशिलाचं म्हणणं होतं समोर टेम्पो रिव्हर्स येत होता म्हणून वाजवला. मी विचारलं, "हॉर्न वाजला तेव्हा समोरून गाडी येत होती ना?" तो हो म्हणाला. तिथं थांबायचं ना! मी म्हटलं, "टेम्पोच होता ना?"

"नाही ओ मॅडम, बीट मार्शलची मोटरसायकल."

सरकारी वकिलांनी फेरतपास, म्हणजे साक्षीदाराला पुन्हा प्रश्न, नको म्हणून सांगितलं. त्यांचं काम मीच केलं होतं, गस्तीचे पोलिस येताना वाजलेला हॉर्न म्हणजे आतल्यांना इशाराच.

कारण मनात काय होतं याला साक्षीदार नसतो, ३४ चा समान इरादा वागण्यावरूनच काढतात, आणि तो ऐन वेळीही जुळू शकतो. युक्तिवादात त्यांनी १९२३ चं शंकरीटोला पोस्टाचं प्रकरण काढलं, पोस्टमास्तर गोळीने मेला, आरोपी बरेंद्र कुमार घोष म्हणत होता मी बाहेर अंगणात घाबरून उभा होतो, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपिलापर्यंत, गेला तरी खुनात दोषीच. आमच्याकडे १९७५ चा फूल कुमार निकाल होता, दिल्लीतला पेट्रोल पंप लुटला होता, त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ३९७ मधला गुन्हेगार म्हणजे ज्याने शस्त्र वापरलं तोच. नुसतं दाखवलं तरी वापरलंच धरतात, त्यामुळे कोयतेवाल्याची सात वर्षं पक्की, पण ३४ लावून ती बाकीच्यांच्या गळ्यात मारता येत नाहीत. आणि कोयता दुकानात गेल्यावर पिशवीतनं निघाला हे तर सराफच बोलला होता.

निकाल तसाच लागला. ३९७ फक्त कोयतेवाल्याला. आमच्या माणसाला ३९२ आणि ३४ खाली तीन वर्षं, आणि कारणांमध्ये माझा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं. सर म्हणाले सातचे तीन झाले, वाईट नाही. मी काही बोलले नाही.

व्हरांड्यात पोलिस त्याला नेत होते तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मॅडम, टेम्पोच होता ओ."

नंतर एकदा मी त्या टपरीवर जाऊन चहा घेतला, जे उलटतपासाच्या आधी करायला हवं होतं. सराफाच्या शेजारीच धान्याचं गोडाऊन आहे. तिथं टेम्पो रिव्हर्सच लावावा लागतो.