तुम्ही विचारलंत म्हणून: ऊन कठीण की वादळ?

लग्न होऊन श्रीवर्धनजवळच्या गावात आले, त्याला आता बावीस वर्षं होतील. माहेर चंद्रपूर. ही दोन गावं एका दमात सांगितली की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. कोकणातले विचारतात, "त्या भट्टीत कशा वाढलात हो तुम्ही?" चंद्रपूरचे विचारतात, "तिकडं वादळं येतात, भीती नाही वाटत?" आणि दोघंही शेवटी एकाच ठिकाणी येतात: खरं सांगा, जास्त कठीण काय, ऊन की वादळ? लग्नाच्या पंगतीत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. तुम्ही मात्र निवांत बसून विचारलंत, तर सगळंच सांगते.

आधी ऊन, कारण ते मला जन्मापासून माहीत आहे. मे महिन्यात आमचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं तर त्याच्याही आधी जंगलाकडे निघालेली असायची. नऊ वाजले की आई घराची सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची, ती उघडायची दिवे लागल्यावर. दुपारी दाराची कडी पदरात धरून काढावी लागे. नळाचं पाणी रात्री दहालाही आंघोळीला कढत. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागायचा. ते नऊ दिवस म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबा कूलर काढायचे. जुन्या, पाण्यातल्या क्षारांनी कडक झालेल्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या लावायचे, टाकी घासायचे, नळीची बुजलेली भोकं तारेने एकेक मोकळी करायचे. आम्ही भावंडं भोवती बसून राहायचो. पंप सुरू झाला, पहिलं पाणी ताटीवरून ओघळलं की घरभर वाळ्याचा ओला वास पसरायचा. मला आजही उन्हाळा म्हटलं की आधी तो वास आठवतो.

कोरड्या उन्हाची गोम अशी की घाम दिसतच नाही. येतो आणि तिथल्या तिथे वाळतो, कपाळ कोरडंच लागतं. अंगातलं पाणी किती गेलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून आमच्याकडे तहान लागायची वाट बघायची पद्धत नव्हती. बाहेर पडायचं तर आधी तांब्याभर पाणी, मग डोकं-कान झाकून पांढरा दुपट्टा. आल्यावर पन्हं, आणि पाय फारच पोळले असतील तर भाजलेल्या कैरीचा गर तळव्यांना. खिशात कांदाही ठेवायचे. पण माणसं वाचतात ती पाण्याने आणि दुपट्ट्याने, असं माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं माहीत असलेल्या आमच्या घरात ऊन शिरलं, ते २०१३च्या मेमध्ये. त्याच महिन्यात २३ तारखेला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मी मुलांना घेऊन माहेरी आले होते. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बल्लारपूरला लग्नाला गेले आणि दुपारी दोनला गाडीवरून परत आले. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "दादाले दिलं का?" दादा म्हणजे माझे आजोबा, त्यांना जाऊन दहा वर्षं झालेली. मला वाटलं दमलेत, उन्हातून आलेत, काहीतरी बोलून गेले. काकूने खोलीत अंथरूण घातलं, म्हणाली, "झोपू दे त्यायले." अंग तापलेलं होतं, घाम नव्हता. पाचला हाक मारली तर उठेनात. रात्री दवाखान्यात वारले. कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडलं.

नंतर एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पहिला घाव मेंदूवर बसतो. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, चिडतो, गोंधळतो. तिथून पुढे मिनिटं मोजायची असतात. सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, पंख्याचा वारा घालायचा, मानेला आणि काखेत गार फडकी ठेवायची आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि झोपू द्यायचं, हे तर नाहीच नाही. "दादाले दिलं का" हे तीन शब्द कानावर पडले तेव्हाच काय ते करायला हवं होतं. मी तिथे होते. हे मी आता ज्याला त्याला सांगते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

आता इकडचं. कोकणात पहिल्या उन्हाळ्यात पारा ३३-३४च्या वर जाईना, तेव्हा मला वाटलं की सुटले. मेच्या मध्यावर विहिरीवरून दोन कळशा आणताना डोळ्यांपुढे अंधारी आली. इथे घाम धो धो येतो पण वाळत नाही. हवेतच इतका ओलावा असतो की अंगावरचं पाणी उडून जायला जागा नसते, आणि घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. माझ्या हौसेखातर ह्यांनी कूलर आणला होता. दोन दिवसांत पापड नरम पडले, गाद्यांना कुबट वास आला, आणि गारवा म्हणाल तर नावालाही नाही. कोरड्या हवेत जे यंत्र जीव वाचवतं, ते समुद्राकाठी खोलीतला दमटपणा वाढवतं. हवामान खातंसुद्धा मैदानी भागात ४० अंशांपासून पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनारपट्टीवर ३७ पासून. हा तीन अंशांचा फरक घामाचा आहे. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराच्या कार्यक्रमाला आलेली चौदा माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा तिथला पारा चंद्रपूरकरांनी उन्हाळा म्हणूनही मोजला नसता.

वादळही मला नवं नव्हतं. चंद्रपुरात मेच्या संध्याकाळी धुळीचा लोट उठायचा, पत्रे वाजायचे, वीज पडायची, कधी गारा. पण तासाभरात सगळं शांत. दिवसभर चालणारं वादळ मी पहिल्यांदा पाहिलं ते ३ जून २०२०ला. निसर्ग.

करोनाची टाळेबंदी होती. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी उरकलेली: तांदूळ, मीठ, मिरच्या, आमसुलं डब्यांत भरलेली, घर शाकारून झालेलं. दोन दिवस आधीपासून सूचना येत होत्या, समुद्रालगतची घरं रिकामी केली होती. सकाळी वारा डोंगराकडून येत होता. मग दक्षिणेकडून यायला लागला. वारा असा फिरतो तेच वाईट, हे मला नंतर समजलं. एका बाजूने हलवून मुळं सैल करतो आणि दुसऱ्या बाजूने पाडतो. दुपारी तो समुद्राकडून सुटला, तेव्हा मासळीचे खवले काढावेत तशी कौलं निघत गेली. आम्ही माजघरात होतो. शेजारचे काका-काकू, त्यांची सून, तान्हं बाळ, वरच्या आळीतले दोघं, सगळे आमच्याकडे, कारण भिंती आमच्या जाड. चार जण पाठ लावून दार धरून उभे. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या आणि बाहेरच्या आवाजावरून मोजत होत्या. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मोडते तेव्हा सुका कडाका येतो. माड उन्मळतो तेव्हा पायाखालची जमीन हलते. पहिले पंधरा-वीस त्यांनी मोजले, मग गप्प झाल्या.

वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, असं पुढे वाचलं. दार उघडलं तेव्हा संध्याकाळ होती आणि अंगण ओळखू येत नव्हतं, कारण तिथे उजेड होता. बावीस वर्षांत... नाही, तेव्हा सोळा, सोळा वर्षांत मी त्या अंगणात तिन्हीसांजेला एवढं आभाळ पाहिलं नव्हतं. आमच्या अठरा गुंठ्यांच्या वाडीत २१० पोफळी होत्या, त्यातल्या ६३ उभ्या. माड ३१, त्यातले ११ राहिले. सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली दोन्ही जायफळाची झाडं मुळासकट आडवी. जी उभी होती त्यांची पानं चार दिवसांत खाऱ्या वाऱ्याने तपकिरी झाली, आगीतून काढल्यासारखी. मोबाइल बंद. चंद्रपूरला माझ्या आईला आम्ही जिवंत आहोत हे पाचव्या दिवशी कळलं. वीज यायला सव्वा महिना लागला. मृग तोंडावर आणि डोक्यावर छप्पर नाही, पत्र्यांना आणि कौलांना सोन्याचा भाव.

पुढे पंचनामे झाले. माणसं आली, झाडं मोजली, वहीत लिहिली. फळबागेची मदत हेक्टरी ५० हजार जाहीर झाली. इथे वाड्या गुंठ्यांत असतात, तेव्हा हातात किती आलं असेल ते तुम्हीच काढा. लावलेली पोफळ सुपारी द्यायला सहा-सात वर्षं घेते. तरीपण कुणीतरी आलं, आमचं काय गेलं ते विचारलं, हे मी विसरत नाही.

यापुढचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. वादळ जून महिन्यात गेलं आणि वाडीवर ऊन पडलं ते पावसाळा सरल्यावर. पोफळ उंच आणि बारीक, तिला सावलीची सवय. माडांच्या आणि एकमेकींच्या आडोशाने वाढतात. आडोसा गेला आणि ऑक्टोबरपासून दुपारचं तिरपं ऊन थेट खोडांवर यायला लागलं. एके दिवशी हिंडताना पाहिलं, तर पश्चिमेच्या अंगाला हिरव्या खोडावर पिवळे चट्टे. पुढे ते तपकिरी होतात, साल तडकते, आत कीड शिरते, आणि पुढल्या वर्षी साध्या वाऱ्यातही झाड त्याच जागी मोडतं. वादळातून वाचलेल्या पोफळी उन्हाने मरणार होत्या.

मला त्या चट्ट्यांकडे बघून एकदम माहेर आठवलं. म्हटलं, यांचं डोकं-कान झाकायला हवं. शेजारच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगो, पूर्वी बांधायचेच लोक." मग आम्ही पडलेल्या विऱ्या गोळा केल्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं बुडाशी असलेलं चामड्यासारखं आवरण. ती रात्रभर भिजवली की मऊ पडते, खोडाभोवती वळते. ज्या अंगाला ऊन त्या अंगाला विरी, वर काथ्याचे दोन वेढे, फार आवळायचे नाहीत. शिडीवर हे, खाली विरी देणारी मी, मुलगी काथ्या तोडून देते आहे. ६३ झाडांना बारा दिवस लागले. पश्चिमेच्या कडेला दाट केळी लावल्या, सावली लवकर होते म्हणून, आणि त्यांच्या आडोशाला श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची नवी रोपं. ६३ मधल्या ५५ आज उभ्या आहेत.

मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं. आमची चाळीसेक कौलं गेली, बाकी निभावलं. पण रात्रभर मुलं माझा हात सोडत नव्हती, आणि त्यानंतर किती तरी दिवस नुसतं झाप सळसळलं तरी धाकटा वर बघायचा.

तर तुमचा प्रश्न. मी ऊन म्हणेन. वादळाने माझं कितीतरी जास्त नेलं, तरीही. वादळात आम्ही एवढी माणसं एका माजघरात होतो, एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. काही झालं असतं तर बाकीच्या सगळ्यांना दिसलं असतं. उन्हात उलटं होतं. सगळा गाव दारं लावून आपापल्या घरात असतो, तोच त्यावरचा उपाय आणि तोच धोका. बंद दाराआड कुणी भलतंच बोलायला लागलं तर ऐकणारं कुणी नसतं, असलं तरी त्याला वाटतं दमलाय. मागाहून मोजायला कुणी येत नाही. काकांचा पंचनामा झाला नाही.

यंदा नव्या पोफळींतल्या तिघींना पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. आणि एप्रिल लागल्यापासून मी दुपारी दोनला चंद्रपूरला फोन करते, आधी आईला, मग काकूला. आई म्हणते, "लय तपून राहिलं वं." मी विचारते, कूलरच्या ताट्या बदलल्या का, पाणी किती प्यायलीस, सकाळी काय जेवलीस, काल कोण आलं होतं. कालचं तिला नीट आठवतंय का, तेवढं ऐकते आणि मग फोन ठेवते.