व्यायाम करून लगेच टेस्टसाठी रक्त द्यायचं नाही (हार्ट ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी)

नवऱ्याचं हार्ट ट्रान्सप्लांट झाल्यापासून आमच्या न्यू जर्सीच्या घरात दोनच विषय, आज किती चाललास आणि रिपोर्ट आला का. हे दोन विषय एकमेकात कसे अडकतात ते लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

आधी व्यायाम. तिकडून फोन करणाऱ्या प्रत्येक मावशी-आत्याला वाटतं की मी त्याला ट्रेडमिलवर चढू देते म्हणजे मी कसाई आहे. अहो पण व्यायाम हवाच, डॉक्टरच मागे लागतात. फक्त डोनरचं हार्ट काढताना त्याच्या नर्व्हज कापल्या जातात त्यामुळे मेंदूचा निरोप थेट पोचत नाही, नुसतं बसलेलं असताना ठोके ९०-१०० आणि चालायला लागलं तरी बराच वेळ तिथेच, मग रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोचलं की चढतात आणि थांबल्यावर उतरायलाही वेळ घेतात. म्हणून वॉर्मअप-कूलडाऊन टाळायचं नाही, आणि घड्याळावरचा आकडा बघण्यापेक्षा धाप किती लागतेय ते बघायचं. नर्व्हज नसल्याने छातीत दुखलेलंही बऱ्याचदा कळत नाही, आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं हार्ट नाकारणं, सुरू झालं तरी माणूस हसत-खेळत असू शकतो.

ते पकडायला बायोप्सी, मानेतल्या शिरेतून आत जाऊन हार्टचे बारीक तुकडे काढायचे, १९७० च्या दशकापासून हेच चालू आहे. आता रक्तावर बरंच भागतं. एका टेस्टमध्ये पांढऱ्या पेशींमधली जीन्स बघून ० ते ४० स्कोअर देतात, २०१० साली ६०२ पेशंटचा अभ्यास आला त्यात कमी रिस्कवाल्यांना ही टेस्ट बायोप्सीपेक्षा वाईट ठरली नाही. दुसरी टेस्ट मला जास्त आवडते, हार्टला इजा झाली की त्या पेशींमधला डोनरचा डीएनए रक्तात सुटतो, तो रक्तातल्या एकूण सुट्ट्या (पेशींबाहेर फिरणाऱ्या) डीएनएच्या किती टक्के आहे ते मोजतात. २०२१ च्या एका अभ्यासात ०.२५ टक्के ही रेषा धरली होती, त्याच्या वर गेलं की रिजेक्शनची शंका, एवढ्याशा आकड्यावर आमची झोप अवलंबून!

आता खरी गोम. जोरात व्यायाम केला की कुणाच्याही रक्तात स्वतःचा सुट्टा डीएनए काही पटींनी वाढतो. २०१५ मध्ये जर्मनीतल्या लोकांनी बोन मॅरो आणि लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटना व्यायाम करायला लावून दाखवलं की तो मुख्यतः रक्ताच्या पेशींमधूनच येतो. म्हणजे टक्केवारीतला भाजक (एकूण सुट्टा डीएनए) फुगतो आणि डोनरचा डीएनए तेवढाच असला तरी टक्का खाली दिसू शकतो. वरणात पाणी घातलं म्हणून मीठ नाहीसं होत नाही ना, तसंच. चांगला दिसणारा आकडा जास्त धोक्याचा, कारण वाढलेला आला तर निदान बायोप्सी तरी करतात. काही लॅब आता टक्क्याबरोबर डोनर डीएनएचं प्रत्यक्ष प्रमाणही देतात, ते बरंय.

व्यायामाने वाढलेला हा डीएनए काही तासांत उतरतो त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण टीमला विचारून ठेवा. आमच्याकडे रक्त घ्यायला सकाळी माणूस घरी येतो, टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) लेव्हल बघायची असते म्हणून सकाळची गोळीही रक्त दिल्यावरच, ट्रेडमिल त्याच्याही नंतर. नवरा कुरकुरतो की सकाळ फुकट गेली, कुरकुरू दे.