तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळ म्हणजे वाढदिवसच ना?

डिसेंबर लागला की एक प्रश्न मला हमखास येतो. कापूस वेचायला आलेल्या बाया विचारतात, टपरीवर चहा पिता पिता कोणी विचारतं, आणि परवा तर कृषी केंद्रात युरियासाठी उभा होतो तेव्हा मागच्या भाऊनं विचारलं, "काहो, तुमचं ते नाताळ म्हणजे येशूचा वाढदिवसच ना? का अजून काही असते त्याच्यात?" लाईनीत काय सांगणार, हो म्हटलं आणि पुढे सरकलो. पण गाडीवर घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू, की हे तर चार आण्याचं उत्तर झालं, बाकीचे बारा आणे राहिलेच. या आठवड्यात आमच्याकडे शेताची लाईट रात्रीची आहे, हरभऱ्याला पाणी चालू आहे, थंडी मरणाची, तर बांधावर बसून मोबाईलवर लिहून राहिलो.

वाढदिवस म्हणाल तर तारीखच बायबलमध्ये नाही. कुठंच नाही. २५ डिसेंबरचा अगदी जुना उल्लेख रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा नोंदीत सापडतो, म्हणजे येशूनंतर तीनशेच्या वर वर्षं झाली होती. रशियातले ऑर्थोडॉक्स लोक ७ जानेवारीला सण करतात कारण त्यांचं चर्च जुन्या कॅलेंडरवर चालतं, आर्मेनियावाल्यांचा ६ जानेवारीला. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा, अर्थ जन्म. माझी आजी तर नाताळ पण म्हणायची नाही, "बडा दिन" म्हणायची. आणि तो लाल टोपीवाला सांताक्लॉज, ज्याच्याबद्दल शाळेतली पोट्टी विचारतात की हा तुमचा देव का, तर नाही बाप्पा, तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावच्या बिशप निकोलसवरून आला, चौथ्या शतकातला माणूस, त्याचा दिवस ६ डिसेंबर, आणि येशूच्या जन्माच्या गोष्टीत तो कुठंच नाही.

तारखेवरून आमचं काही अडत नाही. जन्मलं कोण आणि ठेवलं कुठं, यावर सगळं आहे.

गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात आहे. रोमचा बादशहा औगुस्त याने शिरगणती लावली, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहायचं. योसेफ नासरेथचा, त्याला बेथलेहेमला जावं लागलं, शंभर किलोमीटरच्या वर अंतर, आणि मरीयाचे दिवस भरलेले. तिथं ती बाळंत झाली, आणि उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बस, एवढंच. जन्माबद्दल दोन-तीन ओळी.

आता गव्हाण काय असते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. शहरातल्या कार्डावर ती पाळण्यासारखी दिसते, सोनेरी गवत वगैरे. मी दहावीत होतो तेव्हा डिसेंबरातच आमची गाय रात्री व्याली, बाबांनी मला कंदील धरून उभं केलं, दोन तास. शेण, मूत, ढेपेचा आंबूस वास, ओलं वासरू थरथर कापून राहिलेलं, गाय झार (वार) टाकेपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत, आणि गव्हाणीत उरलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) लाळेनं लिबलिब. दोन दिवसांनी चर्चमध्ये देखावा पाहिला, चमकीचा तारा, कापसाचा बर्फ (आमच्याकडे कापसाला काय तोटा), आणि मधात गुलाबी प्लास्टिकचा बाहुला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथं कोणी ना कोणी आपल्याला फसवून राहिलं. मायला म्हटलं तर ती म्हणे, "मले तर दरवर्षीच वाटते. बाळंतीण बाई, अन् तिले एक बाज भेटली नाही कोणाच्या घरात?"

आमच्या पाळक साहेबांनी (चर्चचे पास्टर) एकदा यावर चांगलं सांगितलं होतं. मूळ ग्रीकमध्ये उतारशाळेसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो, येशूने शेवटचं भोजन जिथं केलं त्या खोलीला लूक तोच शब्द वापरतो, आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या खऱ्या धर्मशाळेला मात्र वेगळा शब्द. त्या काळी तिकडे घरातच एका बाजूला जनावरं बांधायचे. म्हणजे कदाचित कोणा नातेवाइकाच्या घरी शिरगणतीमुळे पाहुण्यांची गर्दी, खोली भरलेली, म्हणून बाळ खालच्या बाजूला गव्हाणीत. हे मला पटतं. आमचं जुनं घर तसंच होतं, एका भिंतीपलीकडे गोठा, रात्री बैलाच्या गळ्यातली घंटी अंथरुणात ऐकू यायची. मग तो देव बेवारशासारखा बाहेर नाही जन्मला, तर दाटीवाटीच्या गरीब घरात, जसे आपण सगळे जन्मलो.

आणि ही बातमी पहिली कोणाला? मेंढपाळांना, रात्री रानात कळप राखणाऱ्यांना. आमच्या भागात पीक निघालं की काठेवाडी येतात, मेंढ्या आणि उंट घेऊन, आणि कोणाच्या तुरीत एक मेंढी शिरली की गाव काठ्या घेऊन धावते. चोरी झाली की पहिलं नाव त्यांचं. मी पण ओरडलेलो आहे त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. असल्या लोकांना देवदूत येऊन सांगतो की "तुमच्यासाठी" तारणारा जन्मला आहे. ना राजवाड्यात सांगितलं ना मंदिरातल्या याजकांना. योहानाच्या शुभवर्तमानात तर जन्माची गोष्टच नाही, तिथं एकच वाक्य आहे, शब्द (म्हणजे येशू) देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, आणि हे वस्ती म्हणजे मुळात तंबू ठोकणं. आपल्या भाषेत पाल टाकणं. देवानं गावाबाहेर पाल टाकलं.

हे आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. काका दरवर्षी शेगावला पायी जाणारे. ते म्हणे, "मंग आमच्यासारखंच झालं ना भाऊ. आमचे महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरचे शीत वेचून खाताना." मी गप्पच बसलो थोडा वेळ, कारण नाताळच्या इतक्या जवळचं मला कोणी बोललं नव्हतं, शिकलेल्यांनी तर नाहीच.

तरी फरक आहे तो सांगायला पाहिजे, नाहीतर काकांना बरं वाटावं म्हणून बोलल्यासारखं होईल. आम्ही अवतार म्हणत नाही, देहधारण म्हणतो. एकदाच झालं, पुन्हा व्हायचं नाही, असं आम्ही मानतो. देवानं माणसाचं रूप घेतलं असं पण नाही, तो माणूसच झाला, भूक लागणारा, थकणारा, मित्र मेल्यावर रडणारा, आणि शेवटी खरंच मेलेला. आणि त्याच वेळी पूर्ण देव. हे एका वाक्यात कसं बसवायचं यावर जुन्या लोकांची फार भांडणं झाली, ३२५ साली निकाया इथं बिशप लोक जमले आणि ठरवलं की पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, खालच्या दर्जाचा देव नाही, मग ४५१ ला खाल्कीदोनला ठरलं की एकाच येशूमध्ये पूर्ण देवपण आणि पूर्ण माणूसपण, मिसळलेलं नाही आणि तुटलेलं पण नाही. डोक्यात बसते का विचाराल तर पूर्ण नाही बसत. पण अर्धा देव गव्हाणीत ठेवला असता तर मला त्याचं काय, आणि नुसता चांगला माणूस असता तर मग तो खरंच वाढदिवसच झाला असता.

म्हणून आमच्यात नाताळ एकट्यानं समजत नाही, गुड फ्रायडे (येशू मेला तो दिवस) आणि ईस्टर (परत उठला तो) जोडूनच समजते. मरण्यासाठी आधी शरीर पाहिजे.

२०१७ ला बोंडअळीनं कापूस खाल्ला ते तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी बाबांनी घरावर तारा नाही लावला. दरवर्षी आम्ही कमट्यांचा बनवतो, पतंगी कागद लावून आत बल्ब, पण त्या साली सांगाडा तसाच माळ्यावर राहिला. कॅरलवाले पोरं पेटी-ढोलकी घेऊन आले तर बाबा आतल्या खोलीत. मी पाळक साहेबांना जरा रागातच विचारलं, येशूला इम्मानुएल म्हणतात, म्हणजे आम्हांबरोबर देव, मग सध्या कुठं आहे तो, पंचनाम्याला आला का? ते म्हणाले, "लूक झाला, आता मत्तय वाच." वाचला. त्यात ताऱ्यामागून आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आहेत, सोनं आहे, पण लगेच पुढं हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांखालची पोरं मारतो, आया रडतात आणि त्यांचं सांत्वन होत नाही, आणि हे बाळ घेऊन मायबाप रातोरात मिसर देशाला पळतात. देखाव्यात हे कोणी दाखवत नाही. उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही, कर्ज होतं तेवढंच राहिलं. पण जो देव स्वतःच रातोरात पळालेला आहे त्याच्यासमोर बाबांना आतल्या खोलीत तोंड लपवून बसायची गरज नव्हती, असं वाटलं. बाबांना हे बोललो नाही. त्यांनी पुढच्या वर्षी तारा लावला, एवढंच.

एक गोष्ट राहिली. आमचे पणजोबा १९०० च्या दुष्काळात, त्याला आपल्याकडे छप्पन्नचा (संवत १९५६ चा) दुष्काळ म्हणतात, मायबाप गेल्यावर मिशनच्या अनाथाश्रमात आले. म्हणून गावात अजूनही कोणी भांडणात बोलून जाते, "भाकरीसाठी बाटले." लहानपणी फार लागायचं. आता म्हणतो, हो, भाकरीसाठीच आले. सहा-सात वर्षांचं उपाशी पोरगं अजून कशासाठी येईल? बेथलेहेम या नावाचा इब्रीत अर्थच भाकरीचं घर. आणि गव्हाण म्हणजे तरी काय, चारा टाकायची जागा. नाताळच्या सकाळी उपासनेत प्रभुभोजन असते, भाकर मोडून हातावर देतात, त्या वेळी मला मरीया, देवदूत कोणी आठवत नाही, तो पणजोबा आठवतो ज्याचा एक फोटो पण आमच्याकडे नाही.

पाणी शेवटच्या सरीला लागलं वाटते, उठावं लागेल. चर्चमधल्या गव्हाणीसाठी कुटार दरवर्षी काकांच्याच घरून येते. परवा म्हणे, तूर तर अजून उभीच आहे, गेल्या सालचं हरभऱ्याचं पडलं आहे, थोडं काळं पडलं, चालते का तुमच्या देवाले? म्हटलं चालते. तर २४ ला संध्याकाळी एक पोतं घेऊन येतो म्हणाले, आणि गुलाबी बाहुल्याचा एक हात निघालेला आहे तो फेविक्विकनं आधी चिकटवून ठेव म्हणे.