"आपल्याला चढतच नाही राव"

गटारी जवळ आली की आमच्या बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बारावी, फर्स्ट इयरच्या पोरांचे प्लॅन सुरू होतात आणि त्यात एक तरी असतोच, "आपल्याला चढतच नाही राव, चार बिअर मारून पण एकदम ओके". बाकीचे त्याला मानतात. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

कसंय, मोठ्या माणसाने जास्त घेतली की झोप येते, जीभ जड होते, तोल जातो, म्हणजे शरीरच सांगतं बास आता. कोवळ्या वयात हा ब्रेक उशिरा लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय (पोरांना दारू पाजून असे प्रयोग कोण करणार, आणि करूच नयेत), लहान उंदरांना तेवढ्याच डोसला गुंगी कमी येते पण शिकणं आणि लक्षात ठेवणं मोठ्यांपेक्षा जास्त बिघडतं. वरून सगळं ठीक दिसतं म्हणून पोरगा अजून एक मागवतो.

नवीन आठवणी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये तयार होतात. उपाशीपोटी भराभर प्यायलं की रक्तातलं अल्कोहोल झपकन चढतं आणि तिथलं कामच बंद पडतं. माणूस बेशुद्ध नसतो हं, बोलतो, नाचतो, बाइकला किक पण मारतो, फक्त त्यातलं काही साठतच नाही. दुसऱ्या दिवशी मित्र व्हिडिओ दाखवतात, त्यात हा आईला फोनवर सांगतोय "जेवलो, झोपतोय आता" आणि याला तो फोन केल्याचं आठवतच नाही, आणि सगळे हसतात! अरे, हसताय काय?

शिवाय कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो "थांब, नको करू" म्हणतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. आपल्याकडे बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५ वर्षांची अट आहे, पोरं त्यावर जाम चिडतात, नियम करताना मेंदूचा विचार झाला असो नसो, मी त्या २५ च्या बाजूने आहे.

आणि तरीही कुणी प्यायलंच आणि आडवं झालं, तर लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ याने काही उतरत नाही. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हाका मारून, हलवून उठत नसेल किंवा श्वास खूप संथ, थांबून थांबून येत असेल तर सरळ १०८ लावा, घरी कळेल म्हणून वाट बघत बसू नका प्लीज.