वाहता कान आणि मध्यकर्णातलं इम्प्लांट

माझा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं, रोग गेला, पण त्यात कानातली हाडंही गेली. पुढे ऐकण्याचं मशीन घेतलं. त्याचा साचा कानात बसवला की हवा कोंडते, आणि फोंड्याच्या पावसाळ्यात तर कान लगेच वाहू लागतो. मग डॉक्टर म्हणणार, कान सुकेपर्यंत मशीन लावू नका. म्हणजे चतुर्थीला घरभर पाहुणे, आणि मी नुसती मान डोलावत बसलेली.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऐकण्याची तपासणी केली. आलेखावर हवेतून ऐकण्याची रेषा पार खाली, हाडातून ऐकण्याची बरीच वर. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, "आतला कान अजून बरा आहे हो, आवाज तिथवर पोचत नाही." हेडबँड लावून हाडातून ऐकवणारं यंत्रही दाखवलं. ते वाईट नाही, पण त्याचा आवाज कवटीतून दोन्ही कानांना जातो. मला तो उजव्याच कानात हवा होता.

सीटी स्कॅन झाल्यावर व्हायब्रंट साउंडब्रिज हे मध्यकर्णात बसवायचं इम्प्लांट ठरलं; ऑपरेशन मुंबईला. आत बसवतात तो कंपन करणारा भाग तांदळाच्या दाण्याहून लहान, वजन २५ मिलिग्रॅम. १९९६ साली झुरिकमध्ये पहिल्यांदा बसवलं तेव्हा तो ऐरणीला, म्हणजे मध्यकर्णातल्या एका हाडाला, अडकवला होता. माझ्याकडे ऐरणच नाही, म्हणून तो आतल्या कानाच्या गोल खिडकीवर, म्हणजे तिथल्या पातळ पडद्यावर, टेकवला. ही वाट इटलीतल्या व्हेरोनाच्या डॉ. कोलेत्तींनी रुळवली.

जखम भरेपर्यंत यंत्र बंदच असतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज विचारतात, "आता ऐकू येतं ना?" नंतर कानामागे केसांत, चुंबकाने चिकटणारा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणारा बाहेरचा भाग, लावला. सुरुवातीचा आवाज पत्र्यासारखा; भांडी घासताना तर नकोसा झाला. ऑडिओलॉजिस्टनी बसून बसून तो जुळवला. आता शांत खोलीत कुजबुजही कळते. घुमट हे मातीचं वाद्य आणि झांजा एकदम सुरू झाल्या की मात्र मी प्रोसेसर काढून ठेवते.

कानाचं भोक मोकळं राहतं, हा खरा फायदा. अंघोळीला प्रोसेसर काढायचा आणि रात्री सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचा; आपल्या दमट हवेत हे टाळून चालत नाही. एमआरआय सांगितला तर इम्प्लांटचं कार्ड आधी दाखवायचं, कारण आत चुंबक आहे. माझं कार्ड पर्समध्येच असतं.