इंजिन सुरू झालं, हरभऱ्याला पाणी लागलं

सकाळी ७ वाजता हँडल मारायला घेतलं. दहा वेळा फिरवलं, डिकंप्रेशनचा खटका (आतला दाब सोडून हँडल हलकं करतो तो) पाडला, पण काहीच नाही. बाबा धुऱ्यावरून विचारतात, "काहून रे, नाही होऊन रायलं काय सुरू?"

सायलेन्सरकडे पाहिलं, तर धुराचा मागमूस नाही. तिथेच कळलं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. हँडल मारताना थोडा पांढरा धूरही येत नसेल, तर डिझेल आतच जात नाही. नोझलचा, म्हणजे डिझेल आत फवारणाऱ्या तोटीचा, 'कट-कट' आवाजही नव्हता. काल रात्री टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवलं होतं, लाइनीत हवा शिरली.

डिझेल भरलं, फिल्टरचा एअर स्क्रू सैल केला. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. तो आवळला. नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला करून हँडल फिरवलं, तिथूनही हवा काढली. (तिथे बोट धरू नका, पोरांनाही धरू देऊ नका! नोझलची धार कातडीतून आत घुसते.)

नट आवळून पुन्हा हँडल. तिसऱ्या फेरीला कट-कट, खटका पाडला आणि धडधड सुरू!

बाबा काही बोलले नाहीत, फावडं घेऊन दांडाकडे गेले. फार बरं वाटलं आज.